वस्तीच्या गाडीचं वेळापत्रक

कोकणातल्या एसटीचं वेळापत्रक नीट वाचलं की लक्षात येतं, गावाची जाण्यायेण्याची दिशा आणि पाहुण्याची जाण्यायेण्याची दिशा एकमेकींच्या अगदी उलट असतात.

आपण शहरातली माणसं मुक्काम धरतो तो तालुक्याच्या गावी. तिथे लॉज असतात, बाजार असतो, औषधाचं दुकान असतं. सकाळी पोहे-चहा आटोपून समुद्राकाठच्या एखाद्या गावाला जायचं, दिवसभर वाळूत घालवायचा, सूर्य बुडाला की परत तालुक्याला यायचं, असा आपला बेत. एसटी हा बेत चालू देत नाही. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी शेवटची गाडी गावात जाते ती वस्तीला. ती परत फिरत नाही. देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणाच्या कडेला ती रात्रभर उभी असते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, आणि पहाटे, उजाडायच्या आत, गावातली माणसं घेऊन तीच गाडी तालुक्याकडे निघते. म्हणजे आपल्याला जेव्हा गावातून बाहेर पडायचं असतं तेव्हा गाडी गावात शिरत असते, आणि आपल्याला जेव्हा गावाकडे जायचं असतं तेव्हा ती भरून गावाबाहेर येत असते.

असं का, याचं उत्तर पहाटेच्या गाडीत बसलं की दिसतं. त्यात कॉलेजची मुलं असतात. कोर्टाची तारीख असलेला एखादा म्हातारा असतो, त्याच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. दवाखान्यात निघालेली सून आणि तिच्या सोबतीला सासू. आदल्या दिवशी तहसील कचेरीतून 'उद्या या' असं ऐकून आलेला माणूस. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका मागच्या बाजूला. या सगळ्यांची कामं अकराच्या आत सुरू व्हायची असतात आणि दुपारी उरकायची असतात. गाडी त्यांच्यासाठी आहे. एक फेरी आहे कारण सकाळच्या शाळेची मुलं तेव्हा सुटतात, साडेपाचची आहे कारण दुपारची शाळा पाचला सुटते. रविवारी यातल्या काही फेऱ्या नसतात, कारण रविवारी शाळा नसते. आगारातल्या त्या रंग उडालेल्या फलकावर एका अख्ख्या तालुक्याचा दिवस लिहिलेला असतो आणि तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे कळल्यावर आमच्या सहलीच्या आखणीत एकच बदल केला आणि सगळं जुळत गेलं. मुक्काम तालुक्यातून हलवून गावात नेला. संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीने गावात शिरायचं, गावच्या माणसांसारखं, आणि निघायचं तेव्हा पहाटेच्या गाडीने निघायचं. मधला वेळ गावात. वेळापत्रक तेच राहिलं, आम्ही त्याच्या दिशेने तोंड केलं.

आमच्याकडे चारचाकी आहे. ठाण्याहून दापोलीला ती घेऊन जाता येते, आणि आम्ही गेलोही आहोत. पण सलग सुट्ट्यांच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूर-माणगावच्या आसपास ज्याने तास मोजले आहेत त्याला मी वेगळं काही सांगायला नको. त्या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि माझा मुलगा जन्मल्यापासून त्याने तो रस्ता खोदलेलाच पाहिला आहे. तरी गाडी घरी ठेवण्यामागे माझ्या मनात वेगळंच कारण होतं. सहलीचे फोटो पाहताना जाणवलं की वाटेतल्या कोणत्याच गोष्टीची नवऱ्याला आठवण नाही. कशेडीचा घाट त्याला आठवतो तो वळणांनी. सावित्री आठवते ती पुलावरच्या खड्ड्यांनी. आम्ही तिघं सहलीला जात होतो आणि चौथा आम्हाला पोचवायला येत होता. चालवणाऱ्या माणसाची सहल मुक्कामाला पोचल्यावर सुरू होते आणि परतीच्या विचाराने एक दिवस आधीच संपते. चार दिवसांच्या सुट्टीत त्याच्या वाट्याला उरतं किती?

तेव्हा ठरलं : जाताना खेडपर्यंत रेल्वे, पुढे दापोलीला एसटी, तिथून समुद्राकाठचं एक गाव. परतीला त्याच वाटेने न येता दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, गुहागरहून चिपळूण, आणि चिपळूणहून रेल्वेने घरी. नकाशावर बोट फिरवलं तर एक छान गोल होतो. गाडी आणली असती तर गाडी जिथे ठेवली तिथे परत यावं लागलं असतं, किंवा तिला सगळीकडे बरोबर न्यावं लागलं असतं. हातात फक्त पिशव्या असल्या की एका गावातून शिरून दुसऱ्या गावातून बाहेर पडता येतं.

या आखणीत घट्ट असा खुंटा एकच, रेल्वेचं आरक्षण. ते आता साठ दिवस आधी खुलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी एकशेवीस दिवस आधी होत असे, आणि गणपतीला गावी जाणारा प्रत्येक चाकरमानी त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बोटं सरसावून बसत असे. बसतो आजही, फक्त महिना बदलला. सुट्टीच्या दिवसांत कोकण रेल्वेचं तिकीट मिळवणं हे सोपं काम नाही आणि तसं मी भासवणार नाही. आम्ही मेच्या सुट्टीचा आणि गणपतीचा नाद सोडला, डिसेंबरमधले आडवारचे दिवस धरले. मुलाची शाळा बुडली. कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून तो जे शिकला ते मला पुरेसं वाटतं.

कारण तो मार्गच तसा आहे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपास लांबीचा, १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी देशाला अर्पण केलेला. नाथ पैंनी, मधु दंडवत्यांनी ज्याच्यासाठी संसदेत वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि इ. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली जो सात-आठ वर्षांत उभा राहिला. सह्याद्रीतून समुद्राकडे धावणारी प्रत्येक नदी त्याला आडवी येते, आणि दोन नद्यांच्या मध्ये प्रत्येक वेळी एक डोंगर. म्हणून पूल आणि बोगदा, पूल आणि बोगदा. करंजाडी सोडल्यावर नातूवाडीचा बोगदा येतो, चार किलोमीटरांहून लांब. आत शिरल्यावर डब्यातली बोलणी आपोआप थांबतात. बाहेर पडलं की वेगळ्याच रंगाचं भात-कापणी झालेलं रान दिसतं आणि बोलणी पुन्हा सुरू होतात, बऱ्याचदा वेगळ्या विषयावर.

रोहा ते वीर एवढा भाग दुपदरी झाला आहे, पुढे मार्ग बहुतेक एकेरी. त्यामुळे क्रॉसिंग. एखाद्या लहानशा स्थानकात गाडी उभी राहते, समोरून येणारी गाडी जाईपर्यंत. घाईतल्या माणसाला हे जाचतं. मला ते आवडतं. नवरा अशा एका थांब्यावर खाली उतरला, फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथे लावलेली अबोली बघून आला आणि म्हणाला, ''या गावाची पाटी मी किती वेळा ओलांडलीय, गाव आज पाहिलं.'' पाहिलं म्हणजे फलाटच पाहिला. कोकण रेल्वेची बरीच स्थानकं गावापासून लांब आहेत. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड या नावांमधला 'रोड' पुढची वाट शिल्लक असल्याचं सांगतो. आखणी करताना हे धरावंच लागतं : स्थानक ते एसटी स्टँड हा रिक्षाचा टप्पा वेळापत्रकात कुठेच छापलेला नसतो.

एसटीच्या वेळा मी फोनवर विचारल्या. संगणकावर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, पण दापोलीहून खाडीकाठच्या गावाला जाणारी साधी गाडी दिसेलच असं नाही. ती माहिती माणसांकडे असते. आगाराच्या चौकशी खिडकीवरचा आवाज आधी तुटक वाटला. मग मी गावाचं नाव सांगितलं, वयस्क आई बरोबर आहे म्हटलं, तेव्हा तोच आवाज सावकाश झाला. ''ताई, साडेचारची पकडा. सहाची आहे, पण ती भरून जाते, आईंना उभं राहावं लागेल.'' हे कोणत्याही पडद्यावर मला मिळालं नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्यावर शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरते. शेवटची हाताशी राखून ठेवायची. गाडी बिघडली, फेरी रद्द झाली, आईचा चहा लांबला, तरी रात्र स्टँडवर काढावी लागत नाही.

दुसरी माहिती मिळाली ती जिथे उतरणार होतो त्या घरच्या काकूंकडून. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लावलेल्या घरांमध्ये एसटीच्या वेळा तोंडपाठ असतात, कारण घरातलं कुणी ना कुणी त्या गाडीने येत-जात असतं. काकूंनी गाड्या नावांनी सांगितल्या. 'शाळेची', 'बोरिवली', 'वस्तीची'. कुठली कधी, हे त्यांनी घड्याळात सांगितलंच नाही : ''बोरिवली गेली की दूधवाला येतो, त्यानंतर थोड्या वेळाने तुमची दापोली.'' मी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

खेडच्या स्टँडवरून दापोलीची गाडी पकडली तेव्हा आमच्या कुटुंबाचं तिकीट काढणं हाच एक कार्यक्रम झाला. आई पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणजे २०२२ पासून तिचा प्रवास मोफत. कंडक्टरने यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. माझं अर्धं, २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं आहे. मुलगा बाराच्या आतला, त्याचंही अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. आईने ते शून्याचं तिकीट घडी घालून पाकिटात ठेवलं. आयुष्यभर प्रत्येक प्रवासाचा हिशेब वडिलांना देणाऱ्या बाईच्या पाकिटात ते आहे, हे बघून मला बरं वाटलं. गाडीत तिच्या वयाच्या आणखी दोघी होत्या. एक लेकीकडे निघालेली, दुसरी नुसतीच, ''बरेच दिवसांत दापोली बघितली नाय'' म्हणून. सवलतींच्या खर्चाचा वाद चालू राहो, पण सत्तरी-पंच्याहत्तरीच्या बायका कुणाला न विचारता घराबाहेर पडून हव्या त्या गावाला जात आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याची किंमत मला मोठी वाटते.

दापोलीच्या वाटेवर वाकवलीच्या आसपास हवा बदलते. खाली खेडला उकडत होतं, इथे आईने शाल काढली. खिडकी उघडी असल्यामुळे हे अंगाला कळलं.

गावात पोचलो ते संध्याकाळी, शाळेच्या मुलांबरोबर. गाडी प्रत्येक वळणावर थांबत होती. थांबा असो नसो, कंडक्टर घंटी मारत होता, कारण कोण कुठे उतरतं हे त्याला ठाऊक होतं. एका घराशी त्याने औषधाची पुडी खिडकीतून दिली, तालुक्यातल्या दुकानदाराने त्याच्याकडे सोपवलेली. पुढे एका आजोबांना शिवायला दिलेल्या कपड्यांचं गाठोडं. सकाळी हीच गाडी वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन फिरते. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर अशी पहिली एसटी सुटली तेव्हापासून राज्यात एसटी ही फक्त माणसं वाहणारी गाडी कधीच नव्हती. आपल्या खाजगी गाडीत चौथी सीट रिकामी असते तेव्हा तिच्यावर आपली पिशवी बसते. इथे रिकामी सीट दिसली की पुढच्या वळणावरची कुणी बाई ती आपली मानते, बसते, आणि मग विचारते, ''कुणाकडे आलात?''

''कुणाकडे'' या प्रश्नाला पर्यटकाकडे उत्तर नसतं. आम्ही काकूंचं नाव सांगितलं आणि ते चाललं. पुढचे दोन दिवस गावात आम्हाला 'काकूंकडचे' म्हणत.

त्या दोन दिवसांत आम्ही विशेष काही पाहिलं नाही. सकाळच्या गाडीने हर्णैला गेलो, सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला थांबलो असतो तर परतीची गाडी चुकली असती म्हणून थांबलो नाही. लिलाव राहिला. कड्यावरचा गणपती राहिला. नवरा दुपारी झोपला, ओटीवर, उशाला हात घेऊन, आणि मुलगा काकूंच्या नातवाबरोबर आगरात नारळ मोजत बसला. गाडी असती तर आम्ही चार ठिकाणं केली असती, ही आमची जुनी सवय. 'केली' असंच म्हणायचो आम्ही, पुण्याचे गणपती केले, अष्टविनायक केले. इथे करण्यासारखं काही हाताशी नव्हतं. दुपारी एकपासून साडेतीनपर्यंत त्या गावातून कुठेच जायला गाडी नाही, आणि त्या अडीच तासांत गाव काय करतं हे आम्हाला पाहायला मिळालं : गाव जेवतं आणि पडतं.

काकूंशी बोलताना २०२१ चा विषय निघाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून पुढच्या वसंतापर्यंत संपामुळे एसटी राज्यभर जवळपास बंद होती. त्याआधी साथीचे दिवस. त्यांची मोठी नात तेव्हा तालुक्याला कॉलेजात. ''कधी कुणाच्या टेम्पोत, कधी दुचाकीवर मागे, कधी राहिली घरीच,'' काकू म्हणाल्या. ''शेजारणीच्या पोरीचं कॉलेज तेव्हा सुटलं ते सुटलंच.'' त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाकरी थापता थापता सांगितलं. आम्हाला ज्या गाडीचा डुलत डुलत येणं-जाणं हा सुट्टीतला आनंद वाटत होता, तिच्यावर एका मुलीचं शिक्षण अवलंबून होतं. गावाची गाडी चालते ती प्रवासी मिळतात तोवर. उत्पन्न घटलं की फेरीवर प्रश्नचिन्ह लागतं, आणि ज्याच्याकडे दुचाकी आली तो प्रवासी गाडीतून कायमचा उतरतो. दुपारच्या रिकाम्या फेरीत चार पाहुणे बसले तर त्याने महामंडळ तरणार नाही, हे मला कळतं. पण आमची चार तिकिटं त्या यंत्रात त्या गावाच्या नावावर नोंदली गेली, आणि ती तिथेच नोंदली जावीत असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं सांगताना एक अडचण झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. बाईमाणसाने एसटीने सहल आखायची म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्टँडवरच्या स्वच्छतागृहाचा विचार आधी करायचा. काही ठिकाणी ती बरी आहेत, काही ठिकाणी पाणी नाही, काही ठिकाणी दाराला कडी नाही. आई त्या धास्तीने पाणी पीत नव्हती. मी आखणीत प्रत्येक मोठ्या स्टँडजवळचं एखादं बरं हॉटेल हेरून ठेवलं, चहा घ्यायचा तो तिथेच. साध्या गाडीच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या डोंगर होतात. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, आजारी माणूस आहे, त्यांनी गाडी काढावी, त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण धडधाकट माणसांची एकेकाची एकेक गाडी त्या अरुंद, माडांमधल्या रस्त्यावर शिरते आणि शाळेची एसटी मागे अडकते, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. एसटीचा ड्रायव्हर तेव्हा काही बोलत नाही. इंजिन बंद करतो आणि थांबतो.

दाभोळला गेलो ते पहाटेच्या वस्तीच्या गाडीने दापोली, आणि दापोलीहून पुढची गाडी धरून. धक्क्याजवळ आदिलशाही धाटणीची सतराव्या शतकातली मशीद उभी आहे, घुमट अजून देखणा. हे एकेकाळचं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकीतिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नर, बिदर असा फिरला आणि हिंदुस्थान सोडून परत निघाला तो या दाभोळहून. त्यालाही त्या काळी मिळेल त्या गलबताची वाट पाहावी लागली असणार. खाडीपलीकडे, अंजनवेलच्या बाजूला, तो वीजप्रकल्प आहे ज्याने नव्वदच्या दशकात दाभोळचं नाव जगभर नेलं. नाव या तीराचं, प्रकल्प त्या तीरावर.

वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. पलीकडे धोपावे समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणचा मोठा वळसा. २००३ पासून मोटारी वाहणारी फेरीबोट आहे. कोकणात तिला जंगलजेट्टी म्हणणारी माणसंही भेटतात. पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ. मोटारी रांगेत लागल्या होत्या, आतली माणसं आतच बसली होती, काचा वर. आम्ही चालत चढलो आणि कठड्याशी उभे राहिलो.

आई इथे एकदम बोलायला लागली. तिचं आजोळ याच पट्ट्यात. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने यायची, दाभोळला उतरायची. बोट धक्क्याला लागत नसे, खाडीत उभी राहायची. मग पडाव यायचे, खलाशी पोरांना उचलून पडावात घालायचे, आणि किनाऱ्याशी पडावही टेकला नाही तर खांद्यावरून उतरवायचे. ''मी रडले नव्हते,'' ती नातवाला म्हणाली, ''तुझा मामाआजोबा रडला होता.'' दाभोळहून पुढे लहान लाँच वाशिष्ठीतून आत, चिपळूणच्या गोवळकोट बंदरापर्यंत जात असे, असं ती तिच्या मामांकडून ऐकलेलं सांगत होती. मी आजवर आईला घेऊन गाडीतून कितीदा कोकणात आले, ही हकीकत तिने कधी सांगितली नव्हती. गाडीत तिला मागे बसवलेलं असायचं आणि पुढे रस्त्याची चर्चा चालू असायची.

धोपाव्याला उतरल्यावर गुहागरची एसटी लगेच नव्हती, हे आधीच ठाऊक होतं. फेरीबोट आणि एसटी यांच्या वेळा एकमेकींना विचारून लावलेल्या नसतात. दोन बायका आणि एक मास्तर मिळाले, सगळ्यांनी मिळून रिक्षा केली. गुहागर म्हणजे समुद्रालगत लांबच लांब पसरलेलं गाव, वरचा पाट आणि खालचा पाट, मधोमध व्याडेश्वर. स्टँडजवळच मुक्काम केला. देवळामागून पाच मिनिटांत किनारा. हेदवी, वेळणेश्वर जवळ आहेत, गाड्याही आहेत, पण जाऊन परत यायचं तर अख्खा दिवस गाडीच्या वेळांना बांधला जाणार होता. मतं घेतली. हेदवीला कुणीच हात वर केला नाही. सगळे समुद्रावर गेलो आणि दुसऱ्या दिवशीही समुद्रावरच गेलो.

परतीला चिपळूण. स्टँडवर उतरलो तेव्हा मला २०२१ च्या जुलैतला पूर आठवला, वाशिष्ठीचं पाणी या स्टँडमध्ये शिरलं होतं आणि आगारप्रमुख सहकाऱ्यांसह बुडत्या एसटीच्या टपावर बसून कित्येक तास आगाराची लाखांची रोकड सांभाळत होते. ती रोकड म्हणजे आमच्यासारख्यांचीच दहा-वीस रुपयांची तिकिटं. आता तिथे नेहमीची लगबग होती, ध्वनिक्षेपकावर गुहागर, पोफळी, कराड अशी नावं चालू होती. नवऱ्याने फलकापाशी उभं राहून कराडच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या. कशाला, विचारल्यावर म्हणाला, ''असू दे. कुंभार्ली घाट मी खिडकीतून बघितलेला नाही.''

सध्या मात्र आमच्या घरात रायगडचा नकाशा पसरलेला आहे. आईचं म्हणणं असं की या वेळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जायचं, एसटी नंतर. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, दिघीहून श्रीवर्धन, आणि जमलं तर बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. ऑक्टोबरअखेर म्हणतोय, तोवर समुद्र निवळलेला असतो. आगरदांड्यापर्यंतच्या सगळ्या वेळा मी मिळवल्या आहेत. अडकलंय ते दिघीला. दिघी-श्रीवर्धनची जी गाडी आमच्या फेरीबोटीला जुळते, ती शाळेच्या मुलांसाठी सोडलेली आहे, आणि आम्ही जाणार दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टीत ती धावते का, हे श्रीवर्धन आगाराला विचारायचं आहे. दुपारी दोननंतर फोन करा, असं सकाळी सांगितलं त्यांनी.